आयबपासून फेपर्यंत

औषधांच्या दुकानावरची पाटी त्या सकाळी अराक्सीला वाचता आली नाही. कोमितास रस्त्यावर ती रोजच्या जागी बसची वाट बघत उभी होती. फेब्रुवारीतला पातळ झालेला बर्फ बुटाच्या शिवणीतून आत येत होता. समोर हिरव्या दिव्यांच्या क्रॉसशेजारी गेली कित्येक वर्षं एकच शब्द होता, आणि आज तिथं भलतंच काहीतरी होतं. तिला वाटलं, मालकानं दुकान विकलं असेल. नवा मालक जॉर्जियाचा असेल आणि त्यानं त्यांच्या लिपीत पाटी लावली असेल. पण जॉर्जियन अक्षरं तिला निदान ओळखू आली असती. ही कुठलीच नव्हती. लोहाराच्या दुकानात भिंतीला टांगलेले असावेत तसे आकडे, कड्या, घोड्याचे नाल. तिनं शेजारच्या बेकरीकडे पाहिलं. तिथंही तेच. मग बँकेवर, मग भिंतीवरच्या निवडणुकीच्या जुन्या पोस्टरवर. बाजूला एक बाई मुलाच्या गळ्यातला मफलर नीट करत होती, दोन पोरं सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती, आणि एका रात्रीत सगळ्या येरेवानच्या पाट्या बदलल्या याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. अराक्सीनं चष्मा काढून पुसला. चष्म्यावर काही नव्हतं. आपल्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असलेली एखादी गोष्ट चारचौघांत बोलली जावी आणि आपण नुसतं हसून वेळ मारून न्यावी, तसं काहीसं तिला वाटलं. बस आली. बसचा आकडा तिला बरोबर कळला. आकड्याखालचं कळलं नाही.

बसमध्ये काचेवर वाफ साचली होती. अराक्सीचे वडील याच शहरात बस चालवत. हिवाळ्यात शाळेला सुट्टी असली की ते तिला इंजिनाच्या गरम झाकणाशेजारी बसवून घेत आणि थांबा आला की समोरच्या काचेवर बोटानं एक अक्षर काढत. पुढच्या थांब्यापर्यंत त्या अक्षराच्या कडांना पाणी सुटायचं, त्याचे पाय लांब व्हायचे, आणि ते ओघळून जायच्या आत तिला ते ओळखावं लागायचं. ओळखलं नाही तर वडील काही रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "गेलं बघ आपलं एक अक्षर, आता गावात सगळे त्याच्याविना बोलतील," आणि ती खरंच घाबरायची. डिझेलचा वास, गुडघ्यांना लागणारी ऊब आणि काचेवर उमटलेली ओली रेघ, एवढ्यावर तिचं सगळं वाचन उभं होतं. आता, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिनं हातमोजा काढला आणि खिडकीच्या वाफेवर स्वतःचं नाव लिहिलं. बोट कुठं अडखळलं नाही. लिहून झाल्यावर तिनं त्याच्याकडे पाहिलं. काचेवर पाच-सहा ओल्या आकृत्या होत्या आणि त्या कुणाचंही नाव असू शकल्या असत्या. तिनं तळहातानं काच घाईघाईनं पुसली, जणू शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ते दिसलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं.

अराक्सी पहिलीला शिकवायची. एकतीस मुलं होती आणि पुस्तकातली अर्धी अक्षरं झाली होती. त्या दिवशी जाड 'र' घ्यायचा होता. आपल्या भाषेत दोन 'र' आहेत, एक जीभ थरथरवणारा, जाड, आणि एक नुसता टेकून जाणारा, मऊ, हे ती दरवर्षी मुलांना जिभेवर बोट ठेवायला लावून शिकवायची, आणि मग वर्गभर इंजिनं सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा. तिनं फळ्यावर तारीख लिहिली, अक्षर लिहिलं, चार शब्द लिहिले. हात रोजच्यासारखाच चालला. मागं वळून मुलांकडे पाहिलं आणि पुन्हा फळ्याकडे वळली, तर फळ्यावर दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. "वाचा बरं सगळ्यांनी," ती म्हणाली. मुलांनी वाचलं. तो सबंध दिवस तिनं मुलांकडूनच वाचून घेतलं. शेवटी वह्या तपासायची वेळ आली तेव्हा तिनं लाल पेननं प्रत्येक वहीत एकेक चांदणी काढली. पुढच्या बाकावरची नाझेली, जिचं सगळ्यांच्या वहीत लक्ष असायचं, ती उठून उभी राहिली. "बाई, मुशेगचं तर सगळं चुकलंय. तरी चांदणी?" "आज मुशेगनं मन लावून लिहिलंय," अराक्सी म्हणाली. मुशेग आश्चर्यानं आपल्या वहीकडे बघत राहिला. मुलांना तिनं कधी खोटी चांदणी दिली नव्हती.

घरी आल्यावर तिनं वाहरामला सांगितलं. वाहराम, तिचा नवरा, ट्रॉलीबसच्या तारांवर तीस वर्षं शिडी लावून काम करून निवृत्त झाला होता, आणि कुठलीही वाईट बातमी आधी थट्टेनं घ्यायची त्याला सवय होती. "म्हणजे मी आता मटकन खाली बसू का तू चेष्टा करतेयस?" तो म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या उजव्या हाताजवळ ठेवलेला कॉफीचा कप तिला दिसतच नव्हता, ती तो डावीकडे शोधत होती. तो उठला आणि त्यानं तिचा कोट आणला. दवाखान्यात पुढचे काही दिवस यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढण्यात गेले. डॉक्टर तरुण होती, मऊ आवाजात बोलायची. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची एक बारीक गुठळी अडकून गेली होती. "बोलणं शाबूत आहे, लिहिणं शाबूत आहे. डोळ्यांना दिसतंय, पण दिसलेलं अक्षर आतल्या घरी पोचत नाही," डॉक्टर म्हणाली. "थोडं परत येईल. कदाचित नाहीही येणार. तुम्ही काम काय करता?" अराक्सीनं सांगितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. त्या पेन ठेवण्यानं अराक्सीला जे कळलं ते फोटोंनी कळलं नव्हतं. परतताना वाहराम म्हणाला, "हे तर साधं आहे गं. डोळ्यापासून तोंडापर्यंतची तार तुटली. आम्ही काय करायचो? दुसऱ्या रस्त्यानं फिरवून आणायचो. हाताकडची तार चालू आहे ना? तिकडून आणू." आणि त्यानं तिच्या कोटाच्या बाहीला धरून तिला रस्ता ओलांडून नेलं, कारण उजवीकडून येणाऱ्या गाड्या तिला दिसत नव्हत्या.

दोन आठवड्यांच्या रजेत ती स्वयंपाकघरातल्या मेणकापडाच्या टेबलाशी बसून राहायची. वाहराम जाड पेननं एक अक्षर काढायचा, ती बोट त्याच्यावरून फिरवायची, आणि बोट फिरलं की एकदम ओठावर नाव यायचं. बोट थांबलं की पुन्हा ते नुसतं लोखंड. कधी तो लबाडी करून अक्षराऐवजी तारेचा खांब काढायचा. "हे कुठलं?" "हा तू," ती म्हणायची. दुपारी तो सामान आणायला गेला की ती एकटी अक्षरांसमोर बसायची, बोट न लावता, नुसती बघत. आणि तिथं तिला एक असं काही होऊ लागलं जे तिनं वाहरामलाही सांगितलं नाही. तिला ती सुंदर दिसू लागली. सगळा जन्म तिनं अक्षरांच्या आरपार पाहिलं होतं, खिडकीतून बाहेर बघावं तसं, आणि आता पहिल्यांदा तिची नजर काचेवरच थांबली होती. केवढ्या कमी सामानात केलेलं होतं सगळं. एक कमान, एक वाटी, एखादा पाय उजवीकडे टाकलेला, एखादी मान वळवलेली. सोळाशे वर्षं लोकांनी हे दगडात कोरलं, चामड्यावर लिहिलं, पळून जाताना मुलांबरोबर हेही उचलून नेलं. आणि हे कुणीतरी एकदा, एका वर्षी, बसून ठरवलं होतं. मेस्रोप माश्तोत्सची गोष्ट ती मुलांना दरवर्षी सांगायची, पाठ झालेल्या प्रार्थनेसारखी. दरबारातला लेखनिक, मग साधू झाला, गावोगाव धर्म सांगत फिरला, तेव्हा देवळात ग्रीक आणि सिरियन पोथ्या वाचल्या जायच्या आणि समोरच्या माणसांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. आता तिला वाटलं, त्यानं आधी कान लावला असणार. कुणीतरी शेतात बैलाला हाका मारतंय, कुणी भाकरी थापता थापता मुलीला बोलतंय, आणि हा दाराशी उभा राहून ऐकतोय. 'त्स'च्या तीन तऱ्हा, 'च'च्या तीन तऱ्हा, हे दोन 'र'. एकही आवाज त्यानं गरीब म्हणून बाहेर ठेवला नाही. प्रत्येकाला घर दिलं.

आणि त्या गोष्टीतली एक ओळ, जी ती इतकी वर्षं घाईत म्हणून पुढं जायची, तिच्यापाशी ती आता अडकून राहिली. त्याच्या आधी डॅनियल नावाच्या एका परदेशी बिशपकडे जुनी अक्षरं सापडली होती. राजानं ती मागवली. मुलांना गोळा करून ती शिकवायला सुरुवात केली. दोनेक वर्षांनी ध्यानात आलं की या अक्षरांत आपली भाषा मावत नाही. मग माश्तोत्स शिष्यांना घेऊन दूर दक्षिणेला गेला, एदेसा नावाच्या शहरात राहिला, आणि आपली अक्षरं घेऊन परत आला. त्याला नदीकाठी गाजावाजात सामोरे गेले, वगैरे. पण ती मुलं? दोन वर्षं घोकून घोकून शिकलेली, घरी जाऊन आयांना दाखवलेली अक्षरं ज्यांना एके दिवशी सांगण्यात आलं असेल, बाळांनो, ती विसरा. त्या मुलांचं पुढं काय झालं ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. अराक्सीला ती एकेक करून दिसायची, थंडीनं लाल झालेली नाकं, आणि पाटीवर जुनं पुसून नवं अक्षर काढताना हात थबकलेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असणार. दुसरं करणार काय होती? या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं की ती उठली आणि गॅसवर कॉफी ठेवली.

रजा संपल्यावर ती शाळेत परत गेली. मुख्याध्यापिका क्नारिकबाईंना तिनं 'रक्तदाब' एवढंच सांगितलं. राहिलेली अक्षरं पुरी करायची होती, मे महिन्यात अक्षरांचा समारंभ होता, आणि मधेच वर्ग सोडला असता तर मुलं दुसऱ्या दोन वर्गांत वाटली गेली असती. आता ती मुलांना डोळे मिटून हवेत अक्षरं काढायला लावायची, एकमेकांच्या तळहातावर, टेबलावर सांडलेल्या मिठात. वह्या तपासताना तिच्या डाव्या हाताचं बोट मांडीवर हलायचं. खूप वेळ लागायचा. एका सकाळी नाझेली तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, तुम्हाला वाचता येत नाही ना?" अराक्सीनं त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. खोट्या चांदण्या तिला आठवल्या. "डोळ्यांनी नाही येत आता," ती म्हणाली. "बोटानं येतं. तुमच्यासारखीच मी पण शिकतेय." "म्हणजे तुम्ही पण पहिलीत?" मुशेगनं विचारलं. "हो." मुशेगला ते फार पटलं. तो सरकून बसला, बाकावर जागा करून द्यावी तसा.

अर्थात घरोघरी ते त्याच संध्याकाळी पोचलं. आयांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आरेन नावाच्या मुलाची आई, तातेविक, स्वतः शाळेत आली. उंच, सुरेख, कामावरून पळत आल्यामुळे गळ्यात अजून बँकेचं ओळखपत्र लटकत असलेली. क्नारिकबाईंनी अराक्सीला बोलावून घेतलं तेव्हा ती तिथंच बसली होती. "तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं, बाई, मनापासून," तातेविक म्हणाली. "पण माझा आरेन आधीच मागं आहे. जिला वाचता येत नाही तिच्याकडून तो वाचायला कसा शिकणार? तुम्हीच सांगा, तुमचा मुलगा असता तर?" प्रश्न खरा होता. क्नारिकबाईंनी कपाटातून लहान मुलांचं एक मासिक काढलं, मधलंच पान उघडून तिच्यापुढं सरकवलं. "वाच," त्या म्हणाल्या. अराक्सीनं बोट कागदावर ठेवलं. को. ल्हा. बोटाखालून अक्षर यायचं, ओठावर बसायचं, आणि पुढचं येईपर्यंत ते उडून जाऊ नये म्हणून ती त्याला धरून ठेवायची. कोल्हा विहिरीत डोकावला आणि त्याला चंद्र दिसला. एवढं एक वाक्य झालं. तातेविक खिडकीबाहेर बघत होती. "एवढा वेळ लागतो?" क्नारिकबाईंनी विचारलं. "पहिलीतल्या मुलाला लागतो तेवढा." "पहिलीतल्या मुलाला पहिलीत शिकायला बसवतात, अराक्सी जान. शिकवायला नाही बसवत." त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. मग त्या म्हणाल्या, "मे अखेरपर्यंत वर्ग तुझा. पुढं मला जमणार नाही, आणि मला गळ घालू नकोस." तातेविकनं आरेनला दुसऱ्या वर्गात घालायचं म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी आरेन आपल्याच बाकावर होता. त्यानं घरी काय केलं ते कुणाला कळलं नाही. डोळे मात्र सुजलेले होते.

समारंभाच्या दिवशी सभागृहात लायलॅकच्या फुलांचा वास कोंडला होता. आयांनी आणलेल्या गाता नावाच्या गोड, गोल पोळ्या मागच्या टेबलावर झाकून ठेवल्या होत्या आणि वाहराम त्यांच्याजवळ उगाचच पहाऱ्याला उभा होता. एकतीस मुलं आणि एकोणचाळीस अक्षरं, म्हणून पहिल्या आठ मुलांना छातीवर एक आणि पाठीवर एक अशी दोन मिळाली होती, सोनेरी कागदाच्या पट्ट्यांची, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. अराक्सीनं मुलांना क्रमानं उभं केलं होतं आणि क्रम तिला पाठ होता. अक्षर न बघता, मुलाचं तोंड बघून ती नाव पुकारत गेली. आयब, बेन, गिम. मूल पुढं यायचं, आपल्या दोन ओळी म्हणायचं, टाळ्या व्हायच्या, कोपऱ्यातला अकॉर्डियन दोन सूर वाजवायचा. सगळं सुरळीत चाललं होतं आणि ती मनात म्हणत होती, आता थोडीच राहिली. "से," तिनं पुकारलं आणि मुशेग पुढं आला. लोक हसले. मुशेगनं ओळी म्हटल्या. लोक आणखी हसले, कुणीतरी तिच्याकडे हात करून काहीतरी सांगू लागलं. तिला काय चुकलं ते कळेना. मुशेगच्या छातीवर काहीतरी सोनेरी चमकत होतं. पहिल्या रांगेत तातेविक बसली होती आणि फक्त तीच हसत नव्हती. पुढचं नाव घेऊन निभावून न्यावं असं तिच्या मनात आलं. मग ती गुडघ्यावर बसली, आणि सगळ्या सभागृहासमोर तिनं मुशेगच्या छातीवर बोट ठेवलं. खालून वर, वरून वळून, पुन्हा खाली. कमान. "मुशेग," ती म्हणाली, "तू तर 'वो' झालास." मुशेगनं मान वाकवून आपल्या छातीकडे पाहिलं. "बाई, मी उलटा लागलोय," तो म्हणाला. तिनं दोरी सोडली, पुठ्ठा फिरवला, पुन्हा बांधला, आणि पुन्हा बोट फिरवलं. वरून खाली, वळून, वर. वाटी. "आता 'से'." आता लोक हसले ते वेगळं होतं. ती उठणार, तेवढ्यात नाझेली तिच्यापुढं येऊन उभी राहिली. तिनं ओळी म्हटल्याच नाहीत. अराक्सीचं बोट धरून तिनं आपल्या पुठ्ठ्यावर ठेवलं. "माझं वाचा."

तिच्यामागून शेवटचा मुलगा आला, आणि मग ज्यांचं होऊन गेलं होतं ती मुलंही परत रांगेत येऊन उभी राहिली, कारण त्यांचं कुणी बोटानं वाचलं नव्हतं. क्नारिकबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. अकॉर्डियन थांबला. गाणी होती, एक नाच होता, ते सगळं राहून गेलं. अराक्सी जमिनीवर बसली होती आणि अक्षरं एकामागून एक तिच्याकडे चालत येत होती, धापा टाकणारी, गरम, लायलॅकचा आणि गोळ्यांचा वास येणारी. प्रत्येकाखाली एक छाती धडधडत होती. बोट फिरायचं, आणि अंधारात दिवा लागावा तसं नाव यायचं. दा. येच. सातवं, 'ए', जे देवळात वेदीच्या वर एकटंच लिहितात, आणि ज्या एका अक्षराचा अर्थ आहे 'आहे'. ते एका काटकुळ्या मुलीच्या अंगावर होतं आणि तिला गुदगुल्या होत होत्या. हे सगळं आपल्याला दिलं गेलं, फुकट, आपण मागितलं नसताना, असं अराक्सीला वाटत होतं, आणि पुढच्या वर्षी ही खोली दुसऱ्या कुणाची असणार हे त्याच वेळी तिला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी तिच्या मनात शेजारीशेजारी बसल्या आणि त्यांचं भांडण झालं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. कुणी आई-बाप उठून गेलं नाही. रांग संपली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. ती जमिनीला हात टेकून उठू लागली.

"बाई," आरेन म्हणाला, "आमची पाठ राहिली."

पहिली आठ मुलं पुन्हा तिच्यापुढं एका ओळीत उभी होती, पाठमोरी. ती परत खाली बसली. मऊ 'र', मग पुढचं, मग पुढचं, मग पुढचं, मग 'के', माश्तोत्सनं दिलेलं शेवटचं. त्यानंतर मागाहून येऊन मिळालेली तीन, ज्यांनाही याच घरात ठेवून घेतलं गेलं. सगळ्यात शेवटी आरेन होता. तो चुळबुळत होता, खांदे वर करत होता, मागं वळून बघायचा प्रयत्न करत होता, आणि तिचं बोट पट्टीवरून घसरत होतं. दोनदा तिनं सुरुवात केली आणि दोनदा ते निसटलं.

पहिल्या रांगेतून तातेविक म्हणाली, "आरेन, ताठ उभा राहा. बाईंना वाचू दे."

तो ताठ उभा राहिला. त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला. अराक्सीनं बोट पुन्हा वर नेलं आणि सावकाश, एकही वळण न सोडता, खाली आणलं.

"फे," ती म्हणाली.